डिजिटल सुगम्यतेसाठी संवाद आणि विपणन: कोकणातून या क्षेत्रात येणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

संकेतस्थळ, ॲप, ऑनलाइन फॉर्म, पीडीएफ, चित्रफीत किंवा व्हॉट्सॲपवरचा साधा संदेश दृष्टिहीन, अल्पदृष्टी, कर्णबधिर, हातांच्या हालचालीत अडचण असलेल्या अथवा वाचायला आणि समजून घ्यायला अधिक वेळ लागणाऱ्या व्यक्तीलाही दुसऱ्या कोणाच्या मदतीविना वापरता यावा, यासाठी जे काम चालते त्याला डिजिटल सुगम्यता म्हणतात. या कामाला अभियंते आणि तपासनीस लागतात. त्यांच्याइतकीच त्याविषयी लोकांना समजावून सांगणारी, ग्राहकांना ते पटवून देणारी आणि वापरकर्त्यांचे म्हणणे संस्थेपर्यंत आणणारी माणसेही लागतात. रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगड जिल्ह्यात राहून या दुसऱ्या कामाकडे वळू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे, कारण पुढच्या सर्व पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. या क्षेत्रात जाहिरात हाच मालाचा पहिला नमुना असतो. सुगम्यतेची सेवा देणाऱ्या संस्थेच्या पोस्टमधल्या चित्राला वर्णन नसेल, तिच्या चित्रफितीला कॅप्शन, म्हणजे बोलणे पडद्यावर लिहून दाखवणाऱ्या ओळी, नसतील, तिच्या माहितीपत्रकाचे पीडीएफ स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, वाचता येत नसेल, तर ज्यांच्यासाठी हे सारे चालले आहे त्यांच्यासमोरच संस्थेचा दावा कोसळतो. म्हणून आधी स्वतःचा मजकूर सुगम करायला शिकावे आणि मगच सुगम्यतेविषयी बोलायला लागावे. नवोदित बहुधा उलट क्रमाने जातात आणि पहिल्याच महिन्यात दिव्यांग वाचकांचा विश्वास गमावतात, असे माझे निरीक्षण आहे.

पहिली पायरी: आपला फोन ऐकायला शिका

कोणताही अभ्यासक्रम सुरू करण्यापूर्वी आपल्या अँड्रॉइड फोनमधील टॉकबॅक सुरू करावे. फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी या विभागात ते सापडते. सुरू झाल्यावर बोट ज्या गोष्टीवर पडेल तिचे नाव फोन उच्चारतो. उजवीकडे बोट सरकवले की पुढच्या घटकावर जाता येते आणि दोनदा टिचकी दिली की निवडलेली गोष्ट उघडते. आयफोनमध्ये याच कामासाठी व्हॉइसओव्हर आहे. संगणकावर विंडोज असेल, तर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो. मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातील दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ मध्ये त्याची सुरुवात केली, आणि महागडे सॉफ्टवेअर परवडत नसलेल्या जगभरच्या वापरकर्त्यांना त्यामुळे संगणक खुला झाला. भाषणासाठी मराठी आवाज निवडण्यास विसरू नये, कारण इंग्रजी आवाज देवनागरी मजकूर गाळतो किंवा विचित्र वाचतो आणि दोष मजकुराचा आहे की आवाजाचा, हे आपल्याला कळत नाही.

मग आपल्या ओळखीच्या चार-पाच गोष्टी डोळे मिटून उघडाव्यात: गावातील पतसंस्थेचे संकेतस्थळ, आंबा विकणाऱ्या एखाद्या बागायतदाराचा ऑर्डर फॉर्म, एखाद्या होमस्टेचे पान, गावच्या समूहावर आलेली फेरीबोटीच्या वेळापत्रकाची प्रतिमा. प्रत्येक ठिकाणी एक ठरावीक काम पूर्ण करण्याचा प्रयत्न करावा, उदाहरणार्थ, दोन पेट्यांची मागणी नोंदवणे किंवा शेवटची बोट किती वाजता सुटते हे शोधणे. वेळापत्रकाच्या प्रतिमेपाशी फोन बहुधा ‘प्रतिमा’ एवढेच सांगून थांबेल, किंवा त्याने चित्रातील अक्षरे ओळखली तरी वेळा आणि ठिकाणे एकमेकांत मिसळतील. फॉर्ममध्ये ‘संपादन चौकट, संपादन चौकट’ असे ऐकू येईल आणि कोणत्या चौकटीत पत्ता लिहायचा, हे समजणार नाही. या सरावाने दृष्टिहीन माणसाचा अनुभव आपल्याला कळला, असे मात्र कधीही म्हणू नये. रोज स्क्रीन रीडर वापरणारी व्यक्ती त्यात आपल्यापेक्षा कितीतरी अधिक तरबेज असते. आपला सराव केवळ आपल्या मजकुरातले दोष पकडण्यासाठी आहे.

माऊस बाजूला ठेवून केवळ कीबोर्डवर संकेतस्थळ वापरण्याचा सरावही याच टप्प्यावर करावा. टॅब या कळीने पुढे जाताना आपण कुठे आहोत हे पडद्यावर दिसते का, आणि मध्येच उघडलेल्या जाहिरातीच्या चौकटीतून कळीने बाहेर पडता येते का, हे पाहिले तरी पुष्कळ कळते.

दुसरी पायरी: मानके आणि कायदा, बोलण्यापुरते तरी नेमके

संवादाचे काम करणाऱ्याला संगणकीय संहिता लिहिता आली नाही तरी चालते. परंतु ज्या मानकाचे नाव तो घेतो त्याचा अर्थ त्याला ठाऊक असला पाहिजे. जगभर प्रमाण मानली जाणारी डब्ल्यूसीएजी ही मार्गदर्शक तत्त्वे वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियम ही संस्था प्रसिद्ध करते. या तत्त्वांची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये आली, २.० ही आवृत्ती २००८ मध्ये, २.१ ही २०१८ मध्ये आणि २.२ ही ऑक्टोबर २०२३ मध्ये. त्यांचा गाभा चार अपेक्षांचा आहे: मजकूर जाणवता यावा, वापरता यावा, समजावा आणि निरनिराळ्या साधनांवर टिकावा. ए, डबल ए आणि ट्रिपल ए अशा त्यांच्या तीन पातळ्या असून बहुतेक कायदे आणि करार डबल ए ही पातळी मागतात. भारतात शासकीय संकेतस्थळांसाठी जीआयजीडब्ल्यू ही मार्गदर्शक तत्त्वे आहेत, आणि भारतीय मानक ब्युरोचे आयएस १७८०२ हे दोन भागांतील मानक आहे.

कायद्यात पहिले नाव दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याचे. त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची नोंद आहे, कलम ४२ माहिती व संपर्क तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेविषयी आहे, आणि कलम ४६ शासकीय व खासगी अशा दोन्ही सेवादात्यांवर जबाबदारी टाकते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम ऐच्छिक मार्गदर्शनासारखे ठेवता येणार नाहीत असे ठरवून केंद्र सरकारला बंधनकारक मानके आखण्यास सांगितले. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. बँकखाते किंवा मोबाइल जोडणी घेताना ओळख पटवण्यासाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करावी लागे, आणि ॲसिड हल्ल्यात डोळे गमावलेल्या व्यक्तीला ते शक्य नव्हते. त्या प्रश्नातून हा निकाल आला. लोकांना सांगताना कलमांची यादी देण्यापेक्षा हे एक उदाहरण सांगावे. ते एकदा ऐकले की पतसंस्थेच्या व्यवस्थापकालाही स्वतःच्या फॉर्मकडे पाहावेसे वाटते.

आकडे वापरताना विशेष काळजी घ्यावी. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के, तर जागतिक आरोग्य संघटना जगाच्या लोकसंख्येत हे प्रमाण सुमारे १६ टक्के मानते. दोन्ही आकडे खरे आहेत, पण मोजण्याची रीत वेगळी आहे, आणि जनगणनेत तर दिव्यांगत्वाचे ८ च प्रकार होते. त्यामुळे आकड्यासोबत वर्ष, स्रोत आणि ही मर्यादा लिहावी. सोयीचा आकडा उचलून मोठ्या अक्षरांत छापणे हे सुगम्यतेच्या प्रचारात अधिकच अशोभनीय दिसते.

तिसरी पायरी: मराठी मजकुराची पायाभरणी

या पायरीवर सर्वाधिक वेळ द्यावा, कारण या विषयावरचे उपलब्ध मार्गदर्शन बहुतांशी इंग्रजीसाठी लिहिलेले आहे आणि मराठीच्या स्वतःच्या अडचणी त्यात येत नाहीत.

पहिली अडचण जुन्या फॉन्टची. आपल्याकडील अनेक छापखाने आणि डीटीपी केंद्रे अजूनही युनिकोड (प्रत्येक लिपीतील अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी जागतिक पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये अक्षरजुळणी करतात. पडद्यावर किंवा कागदावर ते मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात. स्क्रीन रीडर तीच वाचतो आणि ऐकणाऱ्याच्या पदरी निरर्थक आवाज येतात. म्हणून पत्रिका, अहवाल किंवा माहितीपत्रक छापायला देतानाच युनिकोडमधील मूळ प्रत स्वतःकडे ठेवावी आणि संकेतस्थळावर तीच टाकावी. जुना मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणता येतो. मात्र त्यानंतर मुद्रितशोधन अपरिहार्य आहे, कारण रफार आणि जोडाक्षरे हमखास बिघडतात. ‘दर्या’च्या जागी ‘दऱ्या’ आले, तर समुद्राचे वर्णन डोंगराचे होते आणि केवळ ऐकणाऱ्या वाचकाला ती चूक ताडून पाहण्याचा दुसरा मार्ग नसतो.

दुसरी गोष्ट पानाच्या भाषेची खूण. संकेतस्थळाच्या संहितेत पानाची भाषा मराठी असल्याचे नोंदवावे लागते. ती नोंद इंग्रजी राहिली, तर अनेक स्क्रीन रीडर मराठी मजकुरासाठी चुकीचा आवाज निवडतात. हे काम तंत्रज्ञाचे असले, तरी ते झाले आहे की नाही हे विचारणे आपले काम आहे.

तिसरी गोष्ट हॅशटॅगची. इंग्रजीत प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे केले की स्क्रीन रीडर शब्द वेगळे वाचू शकतो. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नाहीत, त्यामुळे शब्दांच्या मध्ये अधोरेषा द्यावी: #सुगम_कोकण असे लिहावे, #सुगमकोकण असे नको. हॅशटॅग थोडे ठेवावेत आणि मजकुराच्या शेवटी ठेवावेत. इमोजींचेही तसेच आहे. स्क्रीन रीडर प्रत्येक इमोजीचे नाव उच्चारतो, त्यामुळे ओळीत सहा आंबे काढले, तर ऐकणाऱ्याला ‘आंबा’ सहा वेळा ऐकावे लागते आणि आंब्यांचा दर मात्र त्यानंतर कळतो.

चौथी गोष्ट रचनेची. शीर्षक केवळ ठळक आणि मोठे करू नये. वर्ड किंवा संकेतस्थळाच्या संपादकात त्याला शीर्षकाची शैली द्यावी, कारण दृष्टिहीन वाचक शीर्षकांवरून उड्या मारत हवा तो भाग गाठतो. दुव्याला ‘येथे क्लिक करा’ असे नाव देण्याऐवजी ‘मे महिन्याचे बोटीचे वेळापत्रक’ असे द्यावे. पीडीएफ करताना छपाईच्या आज्ञेतून न करता वर्डमधील ‘सेव्ह ॲज’ने करावे, म्हणजे शीर्षकांची आणि तक्त्यांची खूण त्यात टिकते. शासकीय कार्यालयातून शिक्का-सहीनिशी आलेले परिपत्रक स्कॅन करून जोडायचे असेल, तर त्यातील मजकूर टंकलिखित स्वरूपात सोबत द्यावा. दिव्यांगत्व प्रमाणपत्राच्या शिबिराची सूचना केवळ स्कॅन केलेल्या प्रतिमेत फिरते, तेव्हा ज्याला प्रमाणपत्र हवे आहे त्यालाच ती वाचता येत नाही, आणि ही गोष्ट मला अत्यंत क्लेशदायक वाटते.

या सगळ्याचा एक अनपेक्षित लाभ कोकणात चटकन लक्षात येतो. डोंगरउतारावरच्या वाड्यांत नेटवर्क क्षीण असते आणि पावसाळ्यात ते अधिकच बेभरवशाचे होते. टंकलिखित मजकूर तिथेही पोहोचतो. मोठ्या आकाराची प्रतिमा गोल चक्र दाखवत राहते. सुगम्यतेचे महत्त्व पटवताना हा मुद्दा सरपंचांपासून होमस्टे चालवणाऱ्यांपर्यंत सर्वांना स्वतःच्या अनुभवातून समजतो.

चौथी पायरी: चित्र आणि रंग

चित्राला जो पर्यायी मजकूर, म्हणजे स्क्रीन रीडरने वाचून दाखवायचे लेखी वर्णन, जोडतात, त्यात चित्र कशासाठी टाकले आहे ते यावे. समजा, एका बागायतदाराच्या पोस्टमध्ये पेटीचे छायाचित्र आहे. ‘आंबे’ असा पर्यायी मजकूर अपुरा आहे, आणि पेंढ्याच्या रंगापासून मागच्या भिंतीपर्यंतचे वर्णन अनावश्यक आहे. ‘लाकडी पेटीत पेंढ्यावर दोन थरांत मांडलेले पिकलेले हापूस, पेटीवर बागेचे नाव आणि भौगोलिक मानांकनाचा शिक्का’ असे लिहिले की ग्राहकाला जे पाहून विश्वास वाटला असता ते ऐकून वाटते. इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर पर्यायी मजकुरासाठी स्वतंत्र सोय आहे. व्हॉट्सॲपवर मात्र दरपत्रकाचे चित्र पाठवताना दर, वजन, पाठवणीची तारीख आणि संपर्क हे सारे चित्राखालच्या संदेशातच लिहावे.

होमस्टेच्या पानाबाबत थोडे अधिक सांगतो. गुहागर, वेळणेश्वर, तारकर्ली अशा ठिकाणच्या पानांवर समुद्राची सुंदर छायाचित्रे असतात, पण चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या पाहुण्याला हवी असलेली माहिती सहसा नसते. ‘रस्त्यापासून घरापर्यंत जांभ्याच्या २० पायऱ्यांची पाखाडी उतरावी लागते, कठडा एकाच बाजूला आहे, स्वच्छतागृह भारतीय पद्धतीचे आहे’ असे स्पष्ट लिहिले, तर काही पाहुणे येणार नाहीत. पण जे येतील त्यांची फसगत होणार नाही, आणि गुडघेदुखी असलेले आजी-आजोबा घेऊन येणारे कुटुंब त्या मालकाचे आभार मानेल. अडचण आहे हे सांगणे हाही सुगम संवादाचा भाग आहे. ‘दिव्यांगस्नेही’ असा मोघम शब्द लिहून मोकळे होऊ नये.

रंगांच्या बाबतीत डब्ल्यूसीएजीची डबल ए पातळी साध्या आकाराच्या अक्षरांसाठी ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ : १ एवढा किमान कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, मागते. तो मोजणारी मोफत साधने इंटरनेटवर आहेत. हंगामात दिसणाऱ्या आमच्याकडील जाहिराती या कसोटीवर बहुधा नापास होतात, कारण गडद पिवळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे लिहिली, तर कॉन्ट्रास्ट दीड-पावणेदोनच्या वर जात नाही. त्याच पिवळ्यावर काळी अक्षरे घेतली, तर तो १२ च्या पुढे जातो. आकाशाच्या छायाचित्रावर थेट पांढरी अक्षरे टाकण्याची सवयही सोडावी. वेबएआयएम ही अमेरिकी संस्था दरवर्षी दहा लाख संकेतस्थळांच्या मुखपृष्ठांची यंत्राद्वारे तपासणी करते, आणि त्यात फिक्या अक्षरांचा दोष वर्षानुवर्षे पहिल्या क्रमांकावर असतो. सर्वांत सोपी दुरुस्ती असलेला दोष सर्वाधिक आढळावा, यावरून संवाद आणि आरेखन करणाऱ्यांच्या हाती किती आहे ते दिसते.

केवळ रंगाने अर्थ सांगू नये, हा नियम किनाऱ्यावर जिवाशी संबंधित होतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेले आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले. अशा दिवसांत पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगांचे नकाशे समूहांतून वेगाने फिरतात. अनेक रंगांध व्यक्तींना नारिंगी आणि लाल यांतला भेद कळणे अवघड जाते, दृष्टिहीन व्यक्तीला नकाशाच दिसत नाही. तुम्ही एखाद्या ग्रामपंचायतीचे किंवा स्थानिक मदतगटाचे संदेश सांभाळत असाल, तर नकाशाखाली चार वाक्ये लिहिण्याची शिस्त लावावी: कोणता जिल्हा, कोणता इशारा, किती वाजेपर्यंत, काय करायचे. त्याच वाक्यांचा ध्वनिसंदेश कर्णबधिरांच्या उपयोगाचा नाही, म्हणून लेखी संदेश आधी आणि ध्वनी नंतर, असा क्रम ठेवावा.

पाचवी पायरी: चित्रफिती आणि कार्यक्रम

प्रत्येक चित्रफितीला कॅप्शन द्यावेत आणि यंत्राने तयार केलेले कॅप्शन माणसाने तपासल्याशिवाय प्रसिद्ध करू नयेत. मराठीत, त्यातही मालवणीत बोलणाऱ्यांचे शब्द यंत्र फार चुकवते. बोलणारी व्यक्ती मालवणीत बोलत असेल, तर कॅप्शनही मालवणीतच लिहावेत, प्रमाण मराठीत ‘सुधारून’ घेऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे. ऐकू येणाऱ्याला जे मिळते तेच वाचणाऱ्याला मिळाले पाहिजे. कॅप्शनमध्ये लाटांचा आवाज, हशा, दार वाजणे हेही यावे. दृश्यातूनच कळणारी माहिती, जसे की पडद्यावर झळकणारा दूरध्वनी क्रमांक, निवेदनात बोलून दाखवावी.

अनेक कर्णबधिर व्यक्तींची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते आणि लिखित मराठी त्यांना नंतर शिकावी लागते, त्यामुळे कॅप्शन दिले म्हणजे काम संपले असे होत नाही. महत्त्वाच्या घोषणेसाठी सांकेतिक भाषेतील चित्रफीत करावी. वेबिनार किंवा सभा तासाभराहून मोठी असेल, तर दोन दुभाषे आलटून पालटून काम करतील अशी तरतूद अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून ठेवावी. ऐनवेळी ती रक्कम नेहमीच कापली जाते. नोंदणीच्या फॉर्ममध्ये ‘आपल्याला कोणती सोय लागेल’ हा प्रश्न असावा आणि वक्त्यांना त्यांच्या सादरीकरणातील आलेख शब्दांत सांगण्याची विनंती आगाऊ करावी.

तारखांचे नियोजनही करावे. मे महिन्यातील तिसऱ्या गुरुवारी जागतिक सुगम्यता जागरूकता दिन असतो, २३ सप्टेंबरला सांकेतिक भाषांचा आंतरराष्ट्रीय दिवस, ३ डिसेंबरला आंतरराष्ट्रीय दिव्यांग दिन आणि ४ जानेवारीला जागतिक ब्रेल दिन. या दिवशी संस्था मोहिमा काढतात. कोकणात मात्र मे महिन्यात बागायतदार आणि होमस्टेवाले हंगामात बुडालेले असतात, तर गणपतीच्या आधी-नंतर कोणी भेटत नाही. त्यांच्याशी संकेतस्थळाच्या दुरुस्तीविषयी जून-जुलैत बोलावे, म्हणजे दिवाळीतल्या पाहुण्यांपूर्वी काम होऊ शकते.

सहावी पायरी: माणसांविषयी लिहिणे, माणसांसोबत लिहिणे

दिव्यांग व्यक्तींविषयी लिहिताना दोन सापळे असतात: दया आणि कौतुक. ऑस्ट्रेलियातील पत्रकार आणि दिव्यांग कार्यकर्त्या स्टेला यंग यांनी २०१२ मध्ये यातील दुसऱ्या सापळ्यावर नेमके बोट ठेवले. रोजचे सामान्य काम करणाऱ्या दिव्यांग व्यक्तीला इतरांसाठी प्रेरणेचे साधन बनवणे अपमानकारक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या लेखनात दिव्यांग व्यक्ती ग्राहक, खातेदार, प्रवासी, मतदार, विद्यार्थी म्हणून यावी. ‘व्हीलचेअरला खिळलेला’, ‘अंधत्वाने ग्रासलेली’ असे प्रयोग टाळावेत. कर्णबधिर, दृष्टिहीन, अल्पदृष्टी असे शब्द वापरावेत, आणि ती व्यक्ती स्वतःसाठी कोणता शब्द वापरते हे विचारून तोच लिहावा. नाव आणि छायाचित्र वापरण्याची परवानगी घेताना ते कुठे, किती काळ दिसेल, हेही सांगावे.

प्रत्येक मोठी मोहीम प्रसिद्धीपूर्वी दिव्यांग वापरकर्त्यांकडून तपासून घ्यावी आणि त्या तपासणीचे मानधन द्यावे. तालुक्यातील दिव्यांगांच्या संघटना आणि विशेष शाळांचे माजी विद्यार्थी यांच्याशी ओळख करून घेतली, तर अशी माणसे जवळपासच भेटतात. ‘तुमच्याच भल्यासाठी आहे’ असे सांगून फुकट काम मागण्याची पद्धत या क्षेत्रात फार रुजली आहे, आणि ती मोडण्याची सुरुवात संवाद विभागाच्या अंदाजपत्रकापासून होऊ शकते.

सातवी पायरी: दाव्यांची मर्यादा

‘१०० टक्के सुगम’ हे शब्द आपल्या लेखणीतून कधीही जाऊ देऊ नयेत. संकेतस्थळ रोज बदलते, आणि स्वयंचलित साधनांना सुगम्यतेचे सगळे दोष पकडता येत नाहीत. संकेतस्थळाच्या संहितेत एक ओळ चिकटवली की सर्व काही आपोआप सुगम होईल, असे सांगणारी काही उत्पादने बाजारात आहेत. त्यांपैकी ॲक्सेसीबी या कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबद्दल कारवाई केली आणि २०२५ मध्ये तिला १० लाख डॉलर भरण्याचा आदेश झाला. या कारवाईचा विषय विपणनाची भाषा हाच होता, म्हणून या क्षेत्रात लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण मुळातून वाचावे. दाव्याच्या जागी माहिती द्यावी: कोणत्या आवृत्तीनुसार, कोणत्या पातळीसाठी, केव्हा, कोणी तपासले, कोणते दोष उरले आहेत आणि ते केव्हा दूर होणार आहेत. हेच मुद्दे संस्थेच्या सुगम्यता निवेदनात, म्हणजे संकेतस्थळ कितपत सुगम आहे हे सांगणाऱ्या पानावर, लिहावेत.

कायद्याच्या भीतीवर चालणारा प्रचार मला पटत नाही. कायदा सांगावा, पण दंडाची धमकी ऐकून आलेला ग्राहक किमान तेवढेच करून घेतो आणि पुढे फोन उचलत नाही. आपल्या खातेदाराला मुलाच्या मदतीशिवाय शिल्लक पाहता आली, हे ज्याने पाहिले तो टिकतो.

आठवी पायरी: काम मिळवणे

या क्षेत्रातील नोकऱ्या मुख्यतः मुंबई, पुणे, बंगळूर, हैदराबाद येथील कंपन्यांत आणि स्वयंसेवी संस्थांत असतात, परंतु लेखन, समाजमाध्यमे, वार्तापत्र आणि कॅप्शनचे काम घरून करता येते. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने डिजिटल सुगम्यतेचा प्राथमिक अभ्यासक्रम विनामूल्य उपलब्ध करून दिला आहे. पुढे सुगम्यतेचे काम करणाऱ्या व्यावसायिकांच्या आयएएपी या आंतरराष्ट्रीय संघटनेची सीपीएसीसी ही पायाभूत ज्ञानाची परीक्षा देता येते, जिच्यासाठी प्रोग्रॅमिंग येण्याची अट नाही.

प्रमाणपत्रापेक्षा नमुने अधिक बोलतात. गावातल्या एका होमस्टेचे पान, एका पतसंस्थेची सूचना आणि एका बचत गटाच्या कोकम सरबताची चित्रफीत, अशा तीन गोष्टी मालकांच्या परवानगीने सुगम करून द्याव्यात आणि आधीचे व नंतरचे रूप, काय बदलले व का बदलले, हे प्रत्येकी एका पानात लिहावे. ते लेखनही शीर्षकांच्या शैलीसह, पर्यायी मजकुरासह असावे, कारण मुलाखत घेणारा ते स्क्रीन रीडरवरच उघडण्याची शक्यता मोठी आहे.

शेवटची पायरी: तक्रारीला उत्तर

काम सुरू झाले की तक्रार येईल, आणि ती बहुधा संवाद सांभाळणाऱ्याकडेच येईल. तक्रारीसाठी दूरध्वनी, ईमेल आणि व्हॉट्सॲप असे एकाहून अधिक मार्ग उघडे ठेवावेत. उत्तर दोन कामाच्या दिवसांत द्यावे, मग दुरुस्तीला कितीही वेळ लागणार असो. उत्तरात चार गोष्टी असाव्यात: कोणती अडचण आली हे आपल्या शब्दांत, तोवर काम कसे पूर्ण करता येईल, दुरुस्ती कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत. उदाहरणार्थ: ‘आमच्या मागणीच्या फॉर्ममध्ये पिन कोडच्या चौकटीला नाव नसल्याने आपल्याला पुढे जाता आले नाही. आपली मागणी आम्ही या संदेशावरूनच नोंदवून घेतो. पेट्यांची संख्या आणि पत्ता कळवावा. चौकटीची दुरुस्ती आमचे तंत्रज्ञ शुक्रवारपर्यंत करतील आणि झाल्यावर आपल्याला कळवू.’ शुक्रवारी दुरुस्ती झाली नसेल, तरी शुक्रवारी संदेश पाठवावा आणि नवी तारीख द्यावी. दुरुस्ती झाल्यावर त्याच व्यक्तीला फॉर्म पुन्हा वापरून पाहण्याची विनंती करावी, तिच्या वेळेचे मानधन द्यावे आणि सुगम्यता निवेदनातील उरलेल्या दोषांच्या यादीतून ती नोंद काढावी.